लहान मुलांना सोबत घेऊन आईने करायचा व्यायाम : आपल्याकडच्या घरांत तो कसा जमवावा?

गच्चीवरची (जळगाव)

मूल तीन-चार वर्षांचे होईपर्यंत आईच्या व्यायामाला घरात वेळ सापडत नाही, ही तक्रार मी इतक्या जणींकडून ऐकली आहे की तिच्यावर एकदा नीट चर्चा व्हावी असे वाटते. मेहरूण तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांत साठीपुढचे काका-काकू असतात, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले असतात, नवी जोडपीही असतात. लहान मूल असलेली बाई मात्र शोधून सापडत नाही. मुलाला घरी ठेवून निघावे तर सासूबाईंची पूजा, नवऱ्याचा डबा आणि नळाचे पाणी हे सगळे नेमके त्याच वेळी येते. बरोबर न्यावे तर ते थोडे चालून बसकण मारते, खडे गोळा करते, मग हात वर करून उभे राहते आणि उरलेला रस्ता त्याला कडेवर घेऊन काढावा लागतो.

यावर तोड म्हणून आमच्या कॉलनीतल्या काही जणींनी एकीच्या गच्चीवर सतरंज्या टाकून मुलांसकट व्यायाम सुरू केला. त्याचे स्वरूप थोडक्यात सांगते. आईने पर्वतासनात शरीराची कमान केली की रांगणारी आणि पळणारी मुले तिच्या खालून जाऊ लागतात आणि शेवटचे मूल बाहेर पडेपर्यंत तिला गुडघे टेकता येत नाहीत, त्यामुळे एरवी पाच श्वासांत हार मानणारी बाई कितीतरी अधिक वेळ टिकते. सेतुबंधासनात, म्हणजे पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलताना, माझी थोरली, जी साडेतीन वर्षांची आहे, माझ्या पोटावर बसते आणि कंबर खाली आली की पुन्हा वर न्यायला लावते. चक्कीचालनासनासाठी आई आणि मूल समोरासमोर तळव्याला तळवा लावून बसतात, एकाच ओढणीची टोके दोघे धरतात आणि जात्यावर दळल्यासारखे गोल फिरतात. हा प्रकार मुलांना इतका आवडतो की तो शेवटी ठेवावा लागतो, आधी घेतला तर पुढचे काहीच होत नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. एकत्र कुटुंबातली सून एकटीच दार लावून व्यायाम करू लागली तर 'हिला घरची कामे कमी पडली' असे ऐकावे लागते, पण तीच सून मुलाला खेळवताना घामाघूम झाली तर कोणी काही बोलत नाही. मुलासोबतच्या व्यायामाला घराची आपोआप संमती मिळते आणि मला तरी ती वापरायला संकोच वाटत नाही.

अडचणी तीन आहेत. आमच्यातल्या एकीचे बाळंतपण सिझेरियनने झाले आहे आणि तिला सूर्यनमस्कार घालण्याची घाई आहे. दहा महिन्यांचे बाळ आणि साडेतीन वर्षांचे मूल एकाच वेळी कसे सांभाळावे, हे अजून नीट बसलेले नाही. आणि एप्रिल लागला की सकाळी साडेसात वाजताच गच्चीचा कोबा तापू लागतो, मग काय करावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

मणका (धुळे)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी सिझेरियन झालेल्या ताईंविषयी. बाळंतपण नैसर्गिक आणि गुंतागुंतीविना झाले असेल तर सावकाश चालणे व श्वासाचे व्यायाम काही दिवसांतच सुरू करता येतात. सिझेरियनमध्ये पोटाचे एकाखाली एक थर उघडून पुन्हा शिवलेले असतात; वरचा टाका सुकलेला दिसला म्हणजे आतले थर पूर्ववत झाले असे समजू नये. साधारण सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी होकार दिला की हळूहळू वाढवत जावे, आणि तोवर घरात थोडे थोडे चालणे पुरेसे आहे. सूर्यनमस्कारात पुढे वाकणे, मागे झुकणे आणि हातांवर भार पेलणे हे सगळे लागोपाठ येते, म्हणून त्याचा क्रमांक बराच नंतरचा. धावणे आणि उड्या मारणे तर कोणत्याही बाळंतपणानंतर किमान तीन महिने टाळावे.

त्याआधी प्रत्येकीने एक गोष्ट तपासावी. गरोदरपणात पोटाच्या मधोमध असलेले दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात आणि काही जणींमध्ये बाळंतपणानंतरही ते पुरते जवळ येत नाहीत. पाठीवर झोपून गुडघे दुमडावेत, बेंबीच्या किंचित वर मध्यरेषेवर बोटांची टोके दाबून ठेवावीत आणि डोके थोडेसे उचलावे. कडेचे स्नायू घट्ट होतात आणि मधल्या फटीची रुंदी हाताला कळते. दोनपेक्षा अधिक बोटे मावत असतील किंवा डोके उचलताना पोटाच्या मध्यावर लांबट उंचवटा येत असेल, तर झोपल्या जागेवरून उठण्याचे पोटाचे व्यायाम आणि नौकासन थांबवून आधी कोणाकडून तरी तपासून घ्यावे. 'पोट सुटले' म्हणून नेमके हेच व्यायाम जोरात करणाऱ्या बायका माझ्याकडे वरचेवर येतात.

शिंकताना, हसताना किंवा उडी मारताना लघवीचे थेंब जाणे ही दुसरी गोष्ट, जी आपल्याकडे बाई जन्मभर सोसते पण बोलत नाही. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात ते पाच ते दहा सेकंद आवळून धरावेत, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा सराव करू नये. बाळाला पाजायला बसल्यावर हा व्यायाम सहज होतो आणि तो चालू आहे हे शेजारी बसलेल्या माणसालाही कळत नाही. सव्वा महिना बाजेवर असणाऱ्या बाळंतिणीलाही तो जमतो, त्यामुळे घरातल्या मोठ्यांशी वाद घालायची गरज पडत नाही.

आता मुलांचे वजन. जन्मतः तीन किलोच्या आसपास असलेले बाळ पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाच्या सुमारास तिप्पट वजनाचे होते. व्यायामशाळेत वजन हळूहळू वाढवावे असे शिकवतात. इथे ते आपोआपच वाढत असते. मात्र सेतुबंधासनात मुलीला पोटावर बसवू नका, ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर तिचा भार येईल अशी खाली सरकवून बसवा. तुमचे धाकटे बाळ दहाच महिन्यांचे असल्याने हे अधिकच पाळायला हवे. मुलाला जमिनीवरून उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत बसावे, त्याला अंगाशी घ्यावे आणि मग उठावे. सतत एकाच कडेवर घेण्याने कंबर एका अंगाला कलते, ती बाजू बदलत राहावी. अंगठे ताणून काखांत हात घालून बाळाला वारंवार उचलण्याने अंगठ्याच्या मुळाशी मनगटात कळ येते आणि पुढे पोळी लाटणेही कठीण होते. एक हात बाळाच्या ढुंगणाखाली आणि दुसरा पाठीमागे घेतला तर मनगटावरचा ताण बराच कमी होतो.

चार महिन्यांपर्यंत बाळाची मान पुरती सावरलेली नसते, म्हणून तोवर त्याला हातात घेऊन कोणतीही झटक्याची हालचाल नको. या वयाच्या बाळासोबतचा व्यायाम म्हणजे त्याला जागे असताना पालथे घालावे आणि आपण त्याच्यासमोर पालथे पडून भुजंगासन करावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दिलेल्या सूचनांत न रांगणाऱ्या बाळाला दिवसभरात मिळून निदान 30 मिनिटे असे पालथे ठेवावे असे म्हटले आहे.

चोपडेकर

चर्चा वाचून थोडे नवल वाटले. आमच्या आया पहाटे जाते ओढत, विहिरीचे पाणी शेंदत, डोक्यावर दोन हंडे घेऊन येत आणि मूल पाठीशी बांधून कापूस वेचायला जात. त्यांना कोणी आसने शिकवली नव्हती आणि त्यांची कंबरही दुखत नव्हती. आजच्या मुलींनी मिक्सर आणि वॉशिंग मशीन थोडे बंद ठेवले तर गच्चीवर जाण्याची गरज पडणार नाही, असे माझे प्रांजळ मत आहे. राग नसावा.

मणका (धुळे)

अण्णा, राग मुळीच नाही, पण त्यांची कंबर दुखत नव्हती हे आपण कोणाच्या सांगण्यावरून म्हणता, असे विचारावेसे वाटते. माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीच्या आज्यांपैकी अनेकींचे अंग बाहेर येते, गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले असतात आणि 'हे पहिल्या बाळंतपणापासूनचे' असे त्या चारचौघांत नव्हे, पडदा ओढल्यावर सांगतात. कामाने शरीर थकते हे खरे. पण कापूस वेचताना दिवसभर एकाच अंगाने वाकलेल्या पाठीला उलट बाजूचा ताण मिळत नाही, आणि व्यायामाने नेमका तोच द्यायचा असतो. जात्याचे म्हणाल तर त्याची हालचाल खरोखर उत्तम होती, म्हणूनच योगात तिच्या नावाचे आसन आहे. फरक इतकाच की आसन थकल्यावर थांबवता येते आणि दळण थांबवता येत नव्हते.

आखाजी (शहादा)

मी वयाने बरीच मोठी आहे आणि सून लिहून देते आहे, म्हणून मजकुरात चुका असल्यास तिच्या समजाव्यात.

पोरींनो, तुम्ही जे गच्चीवर करता ते आपल्या सणांत आधीपासून होते, फक्त वर्षभर नव्हते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभ्याने झोके घेत. उभ्याने झोका चढवायचा म्हणजे गुडघे वाकवून पुन्हा सरळ करायचे, आणि हे तासन्‌तास चाले. मांडीवर लहान लेकरू असेल तर ती बसून झोका घेई आणि मागून दुसरी ढकलून देई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी तिला निरोप देताना रस्ताभर फुगड्या होतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत टिपऱ्या खेळतात. बसफुगडी घालून पाहा म्हणजे मांड्या कशा भरून येतात ते कळेल, तिच्यापुढे तुमच्या बैठका काहीच नाहीत. परवा सुनेला अंगणात नातवाबरोबर बसफुगडी घालताना पाहून शेजारीण म्हणाली, "काय करी राहिनी वं माय, पोर संगे पोर व्हई गयी का?" मीच तिला ओढून खेळात घेतले.

तेव्हा दार लावून करण्यापेक्षा अंगणात करा, गाणी म्हणत करा, आणि सासूलाही बोलवा; सासू खेळात आली की बोलणारे तोंड बंद होते. एक मात्र जुन्या अनुभवाचे सांगते, घामाघूम होऊन किंवा उन्हातून आल्याबरोबर बाळाला अंगावर घेऊ नका, दूध तापते.

मणका (धुळे)

मावशी, सासूला खेळात घेण्याचा सल्ला मी माझ्या दवाखान्यात वापरणार आहे. दोन गोष्टी मात्र जोडते.

लहान मुलांशी फुगडी खेळताना त्यांचे मनगट धरून ओढू नये आणि हाताला धरून गरगर फिरवूही नये. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलाचा हात असा झटकन ओढला गेला तर कोपरातले एक हाड आपल्या जागेवरून निसटते. मूल अचानक रडते, हात अंगाशी धरून ठेवते आणि तो वापरायला तयार होत नाही. डॉक्टर ते क्षणात बसवतात, पण घरी चोळत बसू नये. या वयाच्या मुलाला काखेत धरून किंवा छातीशी घेऊन फिरवावे, बसफुगडीत त्याने आईचे बोट धरले तरी पुरे.

दूध तापण्याबद्दल मी वेगळे सांगते, आपण रागावू नये. मध्यम व्यायामाने दुधाचे प्रमाण कमी होत नाही, त्याचा कस उतरत नाही आणि ते शरीरात गरमही होत नाही. घाम पुसून, पाणी पिऊन, पाच मिनिटे बसून मग पाजले तर आईला स्वस्थ वाटते एवढा त्या जुन्या सांगण्याचा उपयोग आहे. त्यासाठी रडणाऱ्या बाळाला ताटकळत ठेवू नये. खरे तर व्यायामाच्या आधीच पाजून घेतले तर छाती जड राहत नाही आणि बाळही शांत असते.

जंक्शन (भुसावळ)

सगळे प्रतिसाद वाचले आणि उपयोगीही वाटले, तरी मूळ लेखातल्या एका वाक्यावर माझा आक्षेप आहे. मुलासोबतच्या व्यायामाला घराची आपोआप संमती मिळते, असे ताई म्हणतात. ती संमती आईच्या व्यायामाला आहे की मुलाला सांभाळले जात असल्याला आहे? माझ्या मते दुसऱ्याला. उद्या मूल शाळेत जाऊ लागले की त्याच घराला त्या व्यायामाचे कारण दिसेनासे होईल आणि बाई पुन्हा स्वयंपाकघरात जाईल.

मी रेल्वे क्वार्टर्समध्ये राहते. नवऱ्याच्या ड्यूटीचे तास कधीच ठरलेले नसतात, त्यामुळे वेळेची अडचण मला कोणी शिकवू नये. तरीही तो घरी असतो त्या सकाळी मूल त्याच्याकडे असते आणि मी एकटी मैदानावर जाते. मुलासोबत व्यायाम करताना माझे अर्धे लक्ष ते कठड्याकडे गेले का, तोंडात काय घातले, याकडे असते. श्वास मोजायचा की मूल मोजायचे? शिवाय दिवसभर कोणी ना कोणी अंगाला चिकटलेले असते, त्यातून थोडा वेळ कोणाचाही हात अंगावर नसावा ही इच्छा चूक आहे का? आईचा व्यायाम मुलाला जोडूनच का बघायचा? बापाने व्यायामशाळेत जाताना मुलाला कडेवर न्यावे असे कोणी म्हटल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

गच्चीवरची (जळगाव)

तुमचा आक्षेप मला पटतो, पण संपूर्ण नाही. संमती कशाला मिळते याबद्दल तुम्ही लिहिलेले बरोबर आहे आणि ती तात्पुरती आहे हेही खरे. पण ज्या घरात नवरा सकाळी सहाला एमआयडीसीत जातो, सासरे अंथरुणावर आहेत आणि वेगळा वेळ मागण्याची सोयच नाही, त्या बाईला 'एकटी जा' असे सांगून मी काय साधणार? तिला आज मिळू शकणारी वीस मिनिटे मुलासोबतचीच आहेत. ती घेऊ नयेत का?

मुलांच्या बाजूनेही एक सांगते. वर उल्लेख आलेल्या त्याच सूचनांनुसार एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटांची हालचाल हवी, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातली निदान 60 मिनिटे दम लागेल अशी. फ्लॅटमधले मूल एवढे हलते का, हे प्रत्येकीने स्वतःच्या घरात पाहावे. माझी थोरली पूर्वी जेवताना मोबाइल मागत असे, आता गच्चीवरून आल्यावर कळण्याची भाकरी आणि ठेच्याऐवजी तूप-गूळ घेऊन मुकाट जेवते. हा व्यायामाचा गुण की भुकेचा, ते मला ठाऊक नाही, पण मला चालतो.

लक्ष विभागले जाते हे मात्र कबूल. त्यासाठी आम्ही आळीपाळीने एक जण व्यायाम न करता फक्त मुलांवर नजर ठेवण्यासाठी बसवतो. गच्चीचा कठडा आणि जिन्याचे दार यांच्याकडे पाठ करून तिने बसायचे नाही, एवढा एकच नियम आहे.

सातपुडा पायथा (धडगाव)

मी आरोग्य खात्यात पाड्यांवर काम करते, त्यामुळे या चर्चेत थोडा वेगळा सूर लावते. आमच्याकडची आई मुलाला झोळीत बांधून डोंगर उतरते, पाणी आणि सरपण घेऊन तोच डोंगर चढते आणि आठवड्याच्या बाजाराला तास न्‌ तास चालते. तिला हालचाल कमी पडत नाही; तिला जेवण, झोप आणि रक्त कमी पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणजे हा प्रश्न फक्त पाड्यांचा नाही, गच्चीवर जमणाऱ्या निम्म्या जणींचाही असू शकतो.

म्हणून व्यायाम सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीत ते 12 च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात आणि 8 च्या खाली गेले तर तो तीव्र असतो. अशा बाईला जिना चढताना धाप लागत असताना तिच्याकडून सूर्यनमस्कार घालून घेणे हा अत्याचार आहे. बाळंतपणानंतर 180 दिवस लोहाची गोळी रोज घ्यायची असते, ती सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मोफत मिळते. काळी शी होते, मळमळते म्हणून अनेक जणी ती उशीखाली साठवतात, हे मी रोज पाहते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली तर अधिक लागू पडते.

दुसरी गोष्ट सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची. नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल आणि पावरा समाजांत तो बराच आढळतो, आणि कामानिमित्त जळगाव-धुळ्यात राहणाऱ्या अनेक कुटुंबांनी तपासणी केलेली नसते. वाहक असलेल्या बाईला साध्या व्यायामाची मनाई नाही, मात्र तिने पाणी कमी पडू देऊ नये आणि उन्हात ताणू नये. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, मग ती आई असो वा मूल, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच व्यायामाचे प्रमाण ठरवावे, कारण पाणी कमी झाले, फार थकवा आला किंवा एकदम गारठा लागला की वेदनांचा झटका येऊ शकतो. 1 जुलै 2023 रोजी देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आहे आणि तपासणी सरकारी रुग्णालयांत होते, तिचा लाभ घ्यावा.

दोन पोरांचा बाप (अमळनेर)

भुसावळच्या ताईंचा प्रतिसाद बायकोने मला वाचायला लावला, यातच काय ते समजावे. रविवारी सकाळी दोन्ही पोरे माझ्याकडे असतात आणि ती चालायला जाते. माझी अडचण उन्हाची आहे. मे महिन्यात सकाळी आठनंतर अंगणात उभे राहवत नाही, घरात कूलरपुढे उड्या मारल्या तर खालचे भाडेकरू वर येतात, आणि पोरांची शक्ती तर जिरवावीच लागते. नेमके काय करावे?

मणका (धुळे)

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेव्हा वेळ हाच मुख्य प्रश्न असतो. मोठ्या माणसांच्या मानाने लहान मुलांचे अंग लवकर तापते आणि खेळाच्या नादात ती तहान सांगत नाहीत, त्यामुळे मागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पाजावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र उन्हाळ्यातही वरचे पाणी द्यायचे नसते, त्याला अधिक वेळा अंगावर पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी, ताक, पन्हे घ्यावे. मूल सुस्त पडले, चेहरा लाल होऊन अंग चटका बसेल इतके गरम लागले किंवा बराच वेळ लघवी झाली नाही तर व्यायाम राहू द्यावा, त्याला सावलीत आणावे, अंग ओल्या कपड्याने पुसावे आणि दवाखाना गाठावा.

वेळ सूर्योदयाच्या आधीची किंवा दिवेलागणीनंतरची ठेवावी. गच्चीचा कोबा मात्र संध्याकाळी उशिरापर्यंत धग सोडत असतो, म्हणून सायंकाळी गच्चीपेक्षा मातीचे अंगण किंवा बाग बरी. घरात करायचे तर उड्या नकोत. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत अस्वलासारखे हाता-पायांवर चालणे, भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखे थांबणे, मांजराप्रमाणे पाठ फुगवून मार्जारासन करणे आणि मुलाला पाठीवर घेऊन घोडा होणे यांचा खालच्या मजल्यावर आवाज जात नाही. हे शेवटचे बापाने करावे. ज्यांच्या पोटाच्या स्नायूंत अजून फट आहे त्या आयांनी पाठीवर मूल घेऊ नये.

गच्चीवरच्या ताईंनी दोन वयांच्या मुलांविषयी विचारले होते, ते राहून गेले. रांगणाऱ्या बाळासाठी एका कोपऱ्यात सतरंजी वेगळी ठेवावी आणि मोठ्यांचा उड्यांचा खेळ चालू असताना राखणदार बाईने त्याला स्वतःच्या मांडीवर घ्यावे. साडेतीन वर्षांच्या मुलीकडे मोजण्याचे काम द्यावे. तिचे दहा कधी सातावर संपतात तर कधी चौदापर्यंत जातात, पण ती कामात असली की बाळाच्या अंगावर पडत नाही.

गच्चीवरची (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही ठरवले ते असे. सिझेरियन झालेली मैत्रीण तूर्त चालणे, श्वासाचे आणि आवळण्याचे व्यायाम एवढेच करणार आणि पोटातली फट तपासून घेतल्यावर पुढे जाणार. हिमोग्लोबिनची तपासणी आम्ही सगळ्या जणी एकाच दिवशी करून घेणार आहोत, म्हणजे टाळाटाळ होणार नाही. मे महिन्यात वेळ पहाटे साडेपाचची; तितक्या लवकर मुले उठणार नाहीत असे काही जणींचे म्हणणे आहे, तर न उठली तर उत्तम, असे बाकीच्या जणींचे. पावसाळ्यासाठी जवळच्या एका सभागृहात विचारून आलो, पण 'लहान मुले भिंती खराब करतात' म्हणून नकार मिळाला, त्यामुळे जिन्याखालच्या पार्किंगवर समाधान मानावे लागेल.

आणि भुसावळच्या ताईंसाठी खास : आठवड्यातून एक सकाळ मुलांविना ठेवायची असे ठरले आहे. रविवारी मुले घरोघरी बापांकडे राहतील आणि आम्ही मेहरूणला पूर्ण फेरी मारू. दोन घरांतून होकार यायचा आहे. पाऊस असेल त्या रविवारी रद्द करावे असे एकीने सुचवले आहे.

जंक्शन (भुसावळ)

रद्दच करायचे तर पार्किंगमधला मंगळवार रद्द करा, रविवार नको. छत्र्या घेऊन चाला. एक रविवार घरी राहिलात तर पुढच्या रविवारी बापांना दुसरे काम निघेल.